वस्तीवरचा बोका मी नेऊन सोडला, त्याची नोंद



आजची नोंद पिकाची नाही. सोयाबीनच्या कामगंध सापळ्यांचे आकडे वहीत आहेत, ते पुढच्या आठवड्यात टाकतो. ही नोंद मांजरांची आहे. हसू नका. ज्याच्या घरात 40 पोती ज्वारी आणि सरकी पेंडीची थप्पी आहे, त्याला मांजराची किंमत सांगावी लागत नाही. ही नोंद लिहायला मला साडेपाच महिने लागले. तिच्यात एक गोष्ट अशी आहे, जी परवा रात्रीपर्यंत मी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

आधी जागा डोळ्यासमोर घ्या. बार्शी तालुका, गावापासून अडीच किलोमीटरवर आमची वस्ती. ओढ्याच्या कडेने तीन घरं. पहिलं माझं. तिथून 300 पावलांवर माझ्या चुलत भावाचं, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. तिसरं ओढ्यापलीकडं, त्यांचा शेळ्यांचा गोठा आहे. त्यांना रस्त्याला यायचं तर आण्णाच्या बांधावरूनच यावं लागतं. हा बांध लक्षात ठेवा.

माझ्याकडं ठकी. काळी-पांढरी भाटी, बायकोच्या माहेराहून टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसून आलेली. आण्णाकडं तांबू. डोकं नारळाएवढं, गाल सुटलेले, एक डोळा कायम बारीक. तांबू नावाला आण्णाचा, पण खरा धनी थोरली आई, म्हणजे आण्णाची आई. रोज तिन्हीसांजेला ती कानतुटक्या परातीत दूध-भाकरी कुस्करून ठेवायची आणि हाक मारायची. तांबू कुठंही असला तरी त्या हाकेला हजर.

मला सवय आहे, जे दिसतं ते वहीत टाकायचं. तांबूचा रात्रीचा फेरा मी असाच टिपला होता. आण्णाच्या गोठ्यातून निघायचा, मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला टेकायचा, बांधावरून माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी यायचा, मग कडब्याची गंजी, लिंबाचं खोड आणि ओढ्याच्या पुलाची नळी. प्रत्येक ठिकाणी थांबायचा. आधी हुंगायचा. मग पाठ फिरवून शेपूट ताठ उभी करायची, ती थरथरली की मागच्या मागं एक पिचकारी. बसून, खड्डा उकरून, वर माती लोटून मांजर करतं ते मुतणं वेगळं. ही पिचकारी म्हणजे निशाणी. ती बरोबर दुसऱ्या मांजराच्या नाकाच्या उंचीवर बसते. त्यात फेलिनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, न कापलेल्या बोक्यात सगळ्यात जास्त. ते फुटत जातं तसा तो डोक्यात जाणारा वास चढत जातो. आपण कामगंध सापळ्यात जी गोळी लावतो तिचं आणि याचं काम वेगळं, पण हवेत चिठ्ठी लटकवून ठेवायची, हा प्रकार तोच.

या चिठ्ठीवर नुसतं 'आत येऊ नका' लिहिलेलं नसतं. कोण गेलं, कधी गेलं, वास ताजा की शिळा, हेही त्यातून कळतं. म्हणून दोन मांजरं एकच बांध वेगवेगळ्या वेळेला वापरू शकतात. आमच्या पाणीवाटपाच्या पाळ्या असतात तसं. समोरासमोर आलीच तर आधी मान वाकडी करून, कान चपटे करून, एकमेकांकडं बघत ती रडल्यासारखी ओरडतात. म्हातारी माणसं त्याला अपशकुन म्हणतात आणि दगड मारतात. खरं तर बहुतेक भांडणं त्या ओरडण्यातच मिटतात. एक जण अगदी सावकाश, पाऊल मोजत मागं सरकतो. घाईने पळाला तर मागचा अंगावर येतो.

भाटीचं क्षेत्र लहान असतं. चारा-पाणी, उंदीर आणि पिल्लं ठेवायला सुरक्षित कोपरा, एवढं मिळालं की ती तिथंच राहते. ठकी गंजी, गोठा आणि ज्वारीची खोली सोडून फारशी लांब जात नाही. पण पलीकडच्या वस्तीवरची राखाडी भाटी गोठ्यात आली की तिला हाकलल्याशिवाय राहत नाही. बोक्याचं गणित निराळं. तो उंदरांमागं नाही, भाट्यांमागं फिरतो, म्हणून त्याच्या एका क्षेत्रात दोन-तीन भाट्यांची घरं येतात. स्वीडनमध्ये ओलोफ लिबर्ग या संशोधकाने 1980 च्या दशकात शेतवस्तीवरच्या मांजरांचा असाच अभ्यास केला होता. त्यातही बोक्यांचं फिरणं भाट्यांच्या कितीतरी पट निघालं. तिथं बर्फ पडतं, इथं ऊन. पण हिशोब जुळतो.

तांबू ठकीच्या पिल्लांचा बाप आहे हे मला रंगावरून कळलं. आपल्यातले कृषी पदवीवाले हसतील, पण बाकीच्यांसाठी सांगतो. मांजरात तांबडा रंग एक्स गुणसूत्रावर बसतो. नर पिल्लाला एक्स फक्त आईकडून मिळतो. ठकी काळी, म्हणून तिचा कुठलाही नर तांबडा होणार नाही, बाप कोणीही असो. मादी पिल्लाला मात्र एक एक्स बापाकडून येतो. बाप तांबडा असेल तर काळा आणि तांबडा असे दोन्ही रंग तिच्या अंगावर ठिगळासारखे उमटतात, आणि पांढरा त्यात मिसळला की तिरंगी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच का असते, त्याचं कारण हे. गेल्या नोव्हेंबरात ठकी व्याली तेव्हा चार पिल्लं झाली. दोन नर काळे-पांढरे, त्यांच्यावरून बापाचा रंग कळायचा नाही. एक मादी तिरंगी, म्हणजे बाप तांबडा. आणि एक मादी निव्वळ काळी, म्हणजे तिचा बाप तांबडा असूच शकत नाही.

एका वेतात दोन बाप. गाई-म्हशीवाल्याला हे चटकन पटत नाही. गाय 21 दिवसांनी माजावर येते, बीज तिच्या वेळेला आपोआप सुटतं, ती वेळ गाठून आपण रेतन करतो. भाटीचं बीज आपोआप सहसा सुटत नाही. बोका लागल्यावर त्या उत्तेजनाने सुटतं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात, म्हणून शेवटी भाटी किंचाळते आणि वळून त्याला पंजा मारते. लोकांना वाटतं बोका तिला मारतोय. एकदा लागून बहुधा भागत नाही, दिवसात कितीतरी वेळा लागतो. मधल्या वेळेत पहिला बोका दमून बसला किंवा दुसऱ्याशी भांडत राहिला, की तिसरा येऊन जातो. माज साधारण आठवडाभर टिकतो. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. गाभण राहिली तर 63 ते 65 दिवस. आणि हे सगळं उजेडावर चालतं. संक्रांतीनंतर दिवस वाढायला लागला की भाट्या जोर धरतात. आपल्याकडं सगळ्यात लहान दिवस 11 तासांचा आणि सगळ्यात मोठा 13 तासांच्या थोडा वर, म्हणजे फरक फार नाही. म्हणून थंड देशांसारखा त्यांचा हंगाम पूर्ण बंद होत नाही, नोव्हेंबरातही वेत होतं.

ती चारही पिल्लं जगली. तिरंगी आम्ही ठेवली, पोरीने तिचं नाव बिजली ठेवलं. बाकीची गावात गेली. तांबू रोज गंजीवरून फिरायचा, पिल्लं त्याच्या शेपटीला लोंबकळायची, तो उठून दुसरीकडं जाऊन बसायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरीही पुढं मी जे केलं ते केलं.

14 मार्चला ठकी पुन्हा व्याली. पाच पिल्लं. ज्वारीची मळणी चालू होती, उंदरांनी शेतातून खोलीकडं मोर्चा वळवला होता. व्यालेली भाटी दुप्पट शिकार करते, म्हणून मी खुशीत होतो. 23 तारखेला पहाटे गंजीवर कालवा ऐकू आला. बॅटरी घेऊन गेलो तर ठकी फुगून कोपऱ्यात, पाचही पिल्लं मेलेली. मानेवर आणि डोक्यावर दातांच्या खुणा. खाल्लेलं एकही नव्हतं. आणि गंजीच्या खाली, पाच हातांवर, तांबू. तोंड रक्ताने भरलेलं.

पोरगी उठून आली होती. तिने पिल्लं पाहिली. बाकी काही सांगत नाही.

दोन दिवस मी कुणाशी नीट बोललो नाही. बोका पिल्लं मारतो हे ऐकून होतो. 25 तारखेला दुपारी सगळे मळणी यंत्रावर असताना तांबू माझ्या गोठ्यात झोपलेला सापडला. वरून पोतं टाकलं. त्याने पोत्यातून अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले, तरी सोडला नाही. मोटारसायकलला पोतं बांधलं आणि 14 किलोमीटरवर एका बाजारगावाच्या बाहेर, मटण-मासळीच्या दुकानांमागं सोडला. खायला मिळेल, असं मनाला सांगितलं. पोत्याचं तोंड सोडल्यावर तो लगेच पळाला नाही. तिथंच बसून इकडंतिकडं बघत राहिला. मी गाडीला किक मारली.

हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतला, एवढी अक्कल होती. मांजर चावल्यावरही रेबीजचा धोका असतो, हे इथं लिहून ठेवतो, कारण आपल्याकडं कुत्र्याला घाबरतात आणि मांजराला हळद लावून सोडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जखमेभोवती इंजेक्शन दिलं, आणि लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. घरी सांगितलं, ठकी चावली. बायको आठवडाभर ठकीला गोठ्यातून आत येऊ देत नव्हती.

त्या संध्याकाळी थोरल्या आईची हाक सुरू झाली. 300 पावलं म्हणजे काही अंतर नाही. जेवताना ऐकू यायची. पहिल्या दिवशी दोन-चार हाका, मग रोज वाढत गेल्या. परात भरलेली तशीच राहायची, सकाळी कावळे खायचे. आण्णा माझ्याकडं येऊन विचारून गेला, "तांबू दिसला का रं?" मी म्हणालो, न्हाय आण्णा.

आता बोका गेल्यावर काय झालं ते ऐका. मला वाटलं होतं, मारणारा गेला, शांतता झाली. 1 एप्रिलला ठकी माजावर आली. पिल्लं अंगावर पीत असतील तर भाटीचा माज सहसा लांबतो, पिल्लं मेली की आठवडा-दोन आठवड्यांत येऊ शकते. तांबूच्या जागी कोणीच नव्हतं. निशाण्यांचा वास शिळा होत गेला तशी बातमी पसरली असावी. चार दिवसांत माझ्या वहीत तीन नवे बोके. एक करड्या पट्ट्यांचा, डावा कान फाटलेला, त्याला आम्ही ढाण्या म्हणू लागलो. एक काळा. एक लहान वयाचा, तो दुसऱ्याच रात्री मार खाऊन गेला. ढाण्या आणि काळा रात्र रात्र भांडले. काळा जिंकला आणि ठकीच्या माजात तोच टिकला.

शेताचं नुकसान सांगायचं तर, मुरघासाच्या दोन पिशव्या भांडणात फाटल्या, आत हवा जाऊन वरचा थर बुरसटला. पेंडीच्या पोत्यांवर तिघांनीही पिचकाऱ्या मारल्या, म्हशीने त्या पेंडीला तोंड लावलं नाही. एक गोष्ट पशुपालकांनी खास लक्षात घ्यावी. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो, तो वैरणीत किंवा पेंडीत गेला तर शेळ्या-मेंढ्या गाभडू शकतात. गाभण बाईनेही मांजराची घाण उचलू नये. म्हणजे एक-दोन ओळखीची मांजरं असणं वेगळं आणि रोज नवीन बोका पेंडीवर येणं वेगळं. पेंड आता मी झाकणाच्या पिंपात ठेवतो, ते आधीच करायला पाहिजे होतं.

मे महिन्यात ढाण्या परत आला आणि या वेळी त्याने काळ्याला हुसकून लावलं. काळा पुन्हा दिसला नाही. 6 जूनला, मृगाच्या तोंडावर, ठकी व्याली. चार पिल्लं. मी गंजीवरून हलवून खोलीतल्या कणगीमागं ठेवली, तिने तोंडात धरून परत गंजीवर नेली. 17 जूनच्या रात्री पाऊस उघडला होता. मी बॅटरी घेऊन जागाच होतो, कारण ढाण्या दोन दिवस गंजीभोवती फिरत होता. आवाज आला तसा वर चढलो. ढाण्याच्या तोंडात पिल्लू होतं, मान धरलेली. उजेड पडल्यावर त्याने ते टाकलं आणि उडी मारली. दोन वाचली, दोन गेली. खुणा त्याच. मानेवर, डोक्यावर.

मी गंजीवर तसाच बसून राहिलो. मार्चमधला ढाण्या मला आठवला. तो तेव्हाही होता. फेब्रुवारीच्या पानावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'करडा बोका, डावा कान फाटका, ओढ्याच्या नळीजवळ.' आणि 23 मार्चच्या पहाटे तांबूच्या तोंडावरचं रक्त. मी ते पिल्लांचं धरलं. पण त्याच्या कपाळावर आणि नाकावर ओरखडे होते, बारीक डोळा पार मिटला होता, पोत्यात घालताना मी ते जवळून पाहिलं होतं. पुढून खाल्लेला मार समोर उभं राहून भांडणाऱ्याचा असतो. पळणाऱ्याला तो पाठीवर, शेपटीच्या मुळाशी बसतो.

त्या पहाटे मी काही पाहिलं नाही, त्यामुळं शपथेवर सांगणार नाही. पण सगळेच बोके पिल्लं मारत नाहीत, आणि ज्याचा ठकीशी संबंध आला तो तिच्या पिल्लांशी कसा वागतो हे नोव्हेंबरात चार पिल्लांवर मी बघितलं होतं. परका बोका नवीन जागा घेतो, पिल्लं दुसऱ्याची असतात, ती गेली की भाटी लवकर माजावर येते. सिंहांमध्ये हेच चालतं, तिथं त्याचा भरपूर अभ्यास झालाय. माझ्या गंजीवर ते दोनदा घडलं, आणि दुसऱ्यांदा घडायला रान मी मोकळं करून दिलं. दोन घरांवर ज्याचा वास होता, जो रोज रात्री फेरा घालून बाकीच्यांना ओढ्यापलीकडं ठेवत होता, त्याला मीच पोत्यात घातलं.

जुलैत ढाण्याला धरलं. कोंबड्यांच्या क्रेटला मागून दोरी बांधून, आत सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. बैल खच्ची करायचा चिमटा मांजराला चालत नाही, भूल देऊन ऑपरेशनच करावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं की वास आणि भांडण लगेच थांबत नाही, काही आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात तो भाटीला गाभणही करू शकतो. तसंच झालं. ऑगस्ट अर्धा गेला तेव्हा पिचकाऱ्या कमी झाल्या. आता ढाण्या माझ्याच गोठ्यात झोपतो. ठकीचं ऑपरेशन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात केलं, पिल्लं तुटल्यावर. 'ऑपरेशन केलेली भाटी उंदीर धरत नाही' असं गावात सगळे म्हणतात. पोटात पिल्लांची भूक नसल्यामुळं शिकार थोडी कमी होते हे खरं, पण उंदीर धरायची खोड जात नाही. परवा ठकीने एक घूस ओढत आणली, स्वतःच्या अर्ध्या वजनाची.

आता बांधाची गोष्ट. तांबू गेल्यावर आण्णाचा संशय पलीकडच्या वस्तीवर गेला. त्यांनी मार्चमध्ये शेळ्यांच्या गोठ्याभोवती उंदराचं औषध टाकलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. संशय येणं चूक नव्हतं. झिंक फॉस्फाईडचं आमिष मांजराने खाल्लं तर घातकच, आणि ब्रोमाडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर ते विष मांजरालाही लागतं. आण्णा त्यांना विचारायला गेला, शब्दाला शब्द लागला, आणि एप्रिलच्या शेवटी आण्णाने बांधावर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. पेरणीच्या वेळेला त्या माणसाने खताची पोती ओढ्यातून डोक्यावर आणली. मी माझ्या रानात पेरणी यंत्र चालवत होतो, तिथून दिसत होता. एक पोतं पाण्यात पडलं.

ते बघूनही मी गप्प बसलो. जूनमध्ये ढाण्याला पाहिल्यावरही. 18 जूनला मी गाडी घेऊन त्या बाजारगावात गेलो, मटणाच्या दुकानांमागं हिंडलो, दोघा-तिघांना विचारलं. तांबडे बोके दोन दाखवले, तांबू नव्हता. जनावर असं नेऊन सोडणं, उपासमार होईल अशा जागी, हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, हेही मला नंतर कळलं. पण कायद्याचं मला तेवढं काही वाटलं नाही. संध्याकाळची हाक जुलैत बंद झाली, त्याचं जास्त वाटलं.

परवा पोळ्याचा नैवेद्य घेऊन आण्णाकडं गेलो. बैल आता एकच जोडी आहे त्याच्याकडं, तिची शिंगं रंगवलेली. जेवण झाल्यावर ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पोतं, गाडी, बाजारगाव, ठकीवर घातलेला आळ. आण्णा काही बोलला नाही. सुपारी कातरत होता, ती कातरत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पाच म्हैनं मी त्या माणसाला वाट दिली न्हाय." एवढंच. मी निघालो तेव्हा उठला नाही.

थोरली आई आत ऐकत होती. मला वाटलं शिव्या देईल. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बसला हुता म्हनला न्हवं का तू? सोडल्यावर?" मी म्हणालो, व्हय, बसला होता. "मग बसला आसंल बराच येळ," म्हणाली. "त्याला वाटलं आसंल तू परत येतूयास."

काल सकाळी बांधावरच्या काट्या काढलेल्या दिसल्या. आण्णा अजून माझ्याशी बोललेला नाही. पलीकडच्यांकडं मी स्वतः जाऊन आलो, त्यांनी चहा दिला, पण त्यांच्या मुलाने दिला, ते स्वतः रानात निघून गेले. त्यांचा तो हक्क आहे.

थोरल्या आईने दुपारी पोरीच्या हाती निरोप धाडला, ठकीला तांबडं पिल्लू झालं तर तिच्यासाठी ठेवा. ठकीचं ऑपरेशन झालंय, आणि झालं नसतं तरी तिला तांबडा बोका होणं नव्हतं, ते वर सांगितलंच. पण बिजलीकडं तांबूचा एक्स आहे. तिच्या नरांतले सरासरी निम्मे तांबडे निघतात, बाप कुठलाही असो. बिजली गेल्याच आठवड्यात पहिल्यांदा माजावर आली होती, आणि ओढ्यापलीकडून कोणीतरी येऊन गेलं असावं, पिचकारीचा ताजा वास ट्रॅक्टरच्या चाकाला होता. मंगळवारी तिच्या ऑपरेशनची वेळ घेतली होती. दवाखान्यात फोन करून ती पुढं ढकलली आहे. दिवस भरले तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतील. गंजीवर नाही, या वेळी ज्वारीच्या खोलीत, आतून कडी असलेल्या, तिची टोपली मी आजच ठेवली आहे. बिजली अजून तरी तीत बसलेली नाही, ढाण्या बसलाय.